गाव विचारायचं नाही

आमच्याकडे नवा माणूस समोर आला की पहिला प्रश्न ठरलेला. कुठचा रे बाप्पा तू? गाव कळलं की दुसरा, कोणाचा? तिसऱ्या प्रश्नाच्या आधीच त्याचा मामा आपल्या चुलतसासूच्या शेजारचा निघतो, मग चहा येतो, आणि ज्या कामासाठी तो आला होता ते काम बाजूला राहतं. दवाखान्यात हेच, कचेरीत हेच, बसमध्ये तर विचारूच नका. तोंडी परीक्षाही त्यातून सुटलेली नाही. अकोल्याच्या आमच्या कॉलेजात बाहेरून आलेल्या परीक्षकांचा चेहरा आडनाव ऐकून खुललेला मी पाहिला आहे, आणि आडनाव ऐकूनच पडलेलाही पाहिला आहे. मार्क कुठून येतात आणि कुठे जातात हे मला कोणी शिकवू नये.

म्हणून यंदा अमरावतीचे हरिहर सर परीक्षक म्हणून येणार हे कळलं तेव्हा खरं सांगते, मला आनंद झाला. या माणसाची ख्याती वेगळी. ते कोणाला गाव विचारत नाहीत, आडनाव विचारत नाहीत, परीक्षा संपायच्या आधी यजमान कॉलेजच्या पाण्यालाही हात लावत नाहीत. लोक त्यांना खडूस म्हणतात. मलाही विद्यार्थी पाठीमागे चारुशीला खडूसच म्हणतात, तेव्हा त्या शब्दाचं मला फारसं काही वाटत नाही.

आता हे गटाचे प्रकल्प. शेवटच्या वर्षाला तीन-चार पोरांनी मिळून एक प्रकल्प करायचा आणि सगळ्यांनी सारखे मार्क घ्यायचे, अशी ही भानगड आहे. एक जण राबतो. एक जण टाइप करतो. एक जण परीक्षेच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून येतो आणि सगळ्यांत मोठ्यानं बोलतो. शेवटी तिघांच्या नावापुढे एकच आकडा. प्रयोगशाळेचं दार आत उघडतं की बाहेर हे ज्याला ठाऊक नाही, तोही डिस्टिंक्शन घेऊन बाहेर पडतो. दर मे महिन्यात माझं डोकं फिरतं. स्टाफरूममध्ये मी बोलायला लागले की लोक वर्तमानपत्र उघडतात.

यंदा मात्र आकडे वेगळे द्यायचे असं वरून आलं. गटाचे मार्क वेगळे, आणि प्रत्येकानं स्वतः काय केलं त्याचे वेगळे. आमच्या विभागात त्याला आणखी एक शेपूट लागलं. माझ्या हाताखालचा जो गट होता, त्याच्या कामाला सरकारी योजनेतून आणखी दोन वर्षांची मंजुरी मिळाली, आणि त्यात प्रकल्प सहायकाची एक पगारी जागा आली. एकच. आमचे विभागप्रमुख शेषराव गावंडे सर यांनी जाहीर करून टाकलं की वैयक्तिक कामाचे सर्वांत जास्त मार्क ज्याला, त्याला ती जागा. मार्क हरिहर सर देतील. मी त्या खोलीत बसायचं, पण तोंड उघडायचं नाही, कारण मार्गदर्शक म्हणजे घरचं माणूस. मी बरं म्हटलं. पटलंही होतं मला ते.

प्रकल्प होता खारपाणपट्ट्याचा. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना आमच्या या जिल्ह्यांत एक लांब पट्टा आहे, तिथे जमिनीखालचं पाणी खारट. विहीर खोदा, बोअर मारा, खारटच. केस धुतले की चिकट होतात, भांड्यावर पांढरा थर बसतो, माणसांना मुतखडे होतात. या पट्ट्यातल्या काही गावांच्या विहिरींचं पाणी वर्षभर दर आठवड्याला आणायचं, तपासायचं, आणि कोणत्या ऋतूत ते किती खारावतं ते मांडायचं, असं हे काम. सांगायला सोपं, पण त्यात वर्षभर पाणी आणणं आहे.

गटात तिघं. अंकुर धामणगाव रेल्वेचा, धान्याच्या आडतीच्या घरातला. गोड बोलणारा, कोणाशीही दोन मिनिटांत दोस्ती करणारा, आणि बुद्धीनंही बरा. गौरांग अमरावतीचा, वकिलाचा मुलगा. कमी बोलतो पण लिहितो स्वच्छ, अहवाल सगळा त्याचा. तिसरी अपेक्षा. मूर्तिजापूरची, होस्टेलवर राहणारी. ही पोरगी बोलली तर एक वाक्य बोलते आणि ते वाक्य संपलं की संपलं. पुढे काही येईल म्हणून तुम्ही थांबलात तर तुम्हीच वेडे ठरता.

पाणी आणायला आलटून-पालटून जायचं असं तिघांनी माझ्यासमोर ठरवलं होतं. सोमवारी मी प्रयोगशाळेत पोचायच्या आधी बाटल्या टेबलावर ओळीनं मांडलेल्या असायच्या. कधी अंकुर तपासणी करत असायचा, कधी अपेक्षा. पाणी आलं का विचारलं की जो समोर असेल तो म्हणायचा, आम्ही आणलं. मला तेवढं पुरे होतं. पाणी येतंय, आकडे येताहेत, अजून काय पाहिजे?

ती पगारी जागा जाहीर झाली त्याच आठवड्यात अपेक्षा बाटल्या धूत होती आणि मी माझ्या टेबलाशी बसले होते. तिनं मान वर न करता सांगितलं, "मॅडम, थे जागा मले पायजे." मी विचारलं, का गं? तेव्हा ती म्हणाली की काही विहिरी उन्हाळ्यात अचानक का खारावतात ते अजून कळलंच नाही, ते कळेपर्यंत सोडायचं नाही. नाही तर पुण्याला जाऊन कुठेतरी फोन उचलत बसावं लागेल, मैत्रिणी गेल्याच आहेत. एवढं लांब ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली होती. मग नळ बंद केला आणि बाटल्या पालथ्या घातल्या.

अंकुरलाही जागा हवीच होती, नाही असं नाही. पण त्याला घरची आडत होती, आणि ही न मिळती तर दुसरी मिळाली असती. अपेक्षाला हीच पाहिजे होती.

हरिहर सर शनिवारी सकाळी आले. उंच, वाळके, खांद्याला कापडी पिशवी. आल्या आल्या त्यांनी गावंडे सरांचा नाश्ता नाकारला. मग मला सांगितलं की पोरांची नावं त्यांना नको आहेत. अहवालावर नावांच्या जागी कागद चिकटवा आणि एक, दोन, तीन असे नंबर द्या. गाव नको, आडनाव नको, वडील काय करतात तेही नको. नावात जात कळते, गावात नातं कळतं, आणि एकदा कळलं की माणूस कितीही म्हणो, हात हलतोच. हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मला टाळी वाजवावीशी वाटली. मी मुकाट्यानं कागद चिकटवले.

पोरं आत यायच्या आधी त्यांनी मला हळू आवाजात त्यांचा बेत सांगितला. अहवालातलं ते काही विचारणार नव्हते. अहवाल कोणीही पाठ करून येतो, दुसऱ्यानं केलेलं आपलं म्हणून घडाघडा सांगतो. तरुणपणी ते दर्यापूरला शिकवायला होते, त्यामुळे खारपाणपट्टा त्यांनी भोगलेला होता. "तिथला चहा प्यायलेला माणूस तो चहा विसरत नाही, मॅडम. जो खरंच विहिरींवर गेला असेल, त्याला कोणी ना कोणी चहा पाजलाच असेल. मी फक्त चहा विचारणार."

हा प्रश्न मला बेहद्द आवडला. मनात म्हटलं, बाई, इतकी वर्षं आपण मास्तरकी करतो आणि आपल्याला हे सुचलं नाही.

पहिला अंकुर आला. सरांनी अहवाल बंद करून बाजूला सारला आणि विचारलं की त्या गावांमध्ये चहा प्यायलास का, कसा होता. अंकुर आधी गांगरला, मग त्याचे डोळे चमकले. "सर, थो चहा नव्हताच. दूध फाटलेलं, वर पांढरं तरंगून राहिलं होतं. अन् खारट असा, का मले वाटलं साखरेच्या डब्ब्यात कोणी मीठ भरून ठेवलं." मग त्यानं तो कप कसा संपवला ते सांगितलं. यजमानीण बाई समोर उभी, टाकताही येईना, शेवटी श्वास रोखून घशात ओतला, आणि बाई म्हणाल्या, अजून घ्या. सर हसले. हरिहर सर हसताना मी पहिल्यांदाच पाहिले. डाळीचंही अंकुरनं आपणहून सांगितलं, की त्या पाण्यात ती शिजता शिजत नाही, तिथे जेवायला बसलं की दाताखाली येते. सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्याला जायला सांगितलं.

दुसरा गौरांग. तो सरळ म्हणाला की मी गेलोच नाही सर, मी लिहिण्याचं आणि नकाशांचं काम केलं. सरांनी त्याला नकाशांवर दोन प्रश्न विचारले, त्यानं उत्तरं दिली. हेही सरांना आवडलं. खोटं न बोलणारा माणूस त्यांना आवडतो.

तिसरी अपेक्षा. ती खुर्चीच्या टोकावर बसली. सरांनी तोच प्रश्न केला.

"चांगला होता, सर."

"चांगला म्हणजे कसा?"

ती विचारात पडली. परीक्षेत असा प्रश्न का, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. "म्हणजे चहासारखा."

सर थोडा वेळ थांबले. पुढे काही येतं का बघत होते. मी सांगितलं ना, तिचं पुढे काही येत नसतं. मग त्यांनी तिला आणखी एक संधी म्हणून डाळीचं विचारलं, तिथे डाळ शिजते का. ती म्हणाली, शिजते की. का नाही शिजणार? चुलीवर ठेवायची, शिजते. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

मला राग आला. साधा नाही, चांगला पायापासून डोक्यापर्यंत. या पोरीवर मी वर्षभर मनातून भिस्त ठेवली होती. बाटल्या धुताना ती मला म्हणाली होती की जागा मला पाहिजे, आणि मी ते ऐकून हुरळले होते. आणि हिनं त्या गावांमध्ये पाऊलही ठेवलं नव्हतं? मग बाटल्या कशा यायच्या? आमच्याकडे एसटीच्या कंडक्टरच्या हाती जेवणाचे डबे जातात, औषधं जातात, बाटल्याही आल्या असतील. गावातल्या कोणाला तरी भरून द्यायला सांगितलं असेल आणि हिनं बसस्टँडवर जाऊन उतरवून घेतल्या असतील. पाच मिनिटांत मी हे सगळं मनात उभं केलं आणि त्यावर विश्वासही ठेवला.

मार्क ठरले. अंकुरला सर्वांत जास्त, मग गौरांग, शेवटी अपेक्षा. हरिहर सरांनी सही केली, शेजारी मी केली, लिफाफा चिकटवला, चिकटवलेल्या जागी पुन्हा दोघांच्या सह्या. मग मी अहवालावरचे कागद काढले आणि गावंडे सरांना बोलावून सर्वांत वरचं नाव सांगितलं. गावंडे सरांना गोष्टी पोटात ठेवायची सवय नाही. त्यांनी व्हरांड्यात जाऊन अंकुरच्या पाठीवर थाप मारली. अंकुरनं तिथल्या तिथे वडिलांना फोन लावला.

अपेक्षा तिथेच उभी होती. तिनं ऐकलं आणि "बरं" म्हणाली. मग ती आत टेबलाशी आली, कारण परीक्षा झाल्यावर परीक्षकांना पोरांनीच चहा-फराळ द्यायचा अशी आमच्याकडची रीत आहे. समोरच्या दुकानातून आलूबोंडे आले होते, वर्तमानपत्रात बांधलेले, सोबत तळलेल्या मिरच्या आणि मिठाची पुडी. गौरांग फटकन दोरा तोडायला गेला तर तिनं त्याचा हात बाजूला केला आणि दोऱ्याची गाठ नखानं सोडवत बसली. बराच वेळ सोडवत होती. मी ते बघत होते आणि माझा राग काही उतरत नव्हता.

सगळे टेबलाभोवती बसलो. परीक्षा संपली होती, त्यामुळे हरिहर सरांनीही बोंडा घेतला. गावंडे सर अंकुरच्या वडिलांच्या आडतीची चौकशी करत होते आणि त्यांच्या ओळखीतला कोणीतरी निघालाही होता. चहा आला. आमच्या नळाला काटेपूर्णेच्या धरणाचं पाणी येतं, गोडं पाणी, त्यामुळे चहा बरा होतो. अपेक्षानं सगळ्यांना कप दिले, मग आपला घेतला. मिठाच्या पुडीतून दोन बोटांत चिमूटभर मीठ उचललं, कपात टाकलं, आणि बोट बुडवून ढवळलं. तिचं लक्षही नव्हतं त्याकडे. ती खिडकीबाहेर बघत होती.

माझं लक्ष गेलं. हरिहर सरांचंही गेलं.

गौरांगनं आमचे चेहरे पाहिले आणि त्याला हसू आलं. "हिचं नेहमीचंच आहे, सर. हिला इथला चहा अळणी लागतो. पहिल्या वर्षापासून मीठ टाकूनच पिते."

हरिहर सरांनी हातातला बोंडा कागदावर ठेवला. मग त्यांनी जन्मभर पाळलेला नियम मोडला. "गाव कोणतं तुझं?"

ती म्हणाली, मूर्तिजापूर. सरांनी विचारलं, खास मूर्तिजापूर? तेव्हा तिनं नाही म्हणून मान हलवली. आमच्याकडे शहरात आलेली सगळीच पोरं बसच्या पाटीवरचं गाव सांगतात, त्याच्या आतलं कोण सांगत बसतो? तिनं आतल्या गावाचं नाव सांगितलं. पूर्णेच्या काठचं गाव. गौरांगच्या नकाशावर तेच गाव सर्वांत गडद रंगवलेलं होतं. तो नकाशा सकाळपासून आमच्या दोघांच्या समोर टेबलावर पडला होता.

सरांनी विचारलं की घरी पाणी कोणतं पिता. ती म्हणाली, विहिरीचं. दुसरं कोणतं असणार?

गावंडे सरांना काय चाललंय ते कळलं नव्हतं, ते मिरची खात होते. मला मात्र कळलं, आणि सकाळपासूनचा माझा सगळा राग तिच्यावरून उठून माझ्याच अंगावर आला. जन्मल्यापासून जो चहा ती प्यायली, तो तिला चहासारखा लागणार नाही तर कशासारखा लागेल? खारट तो अंकुरला लागला, कारण तो गोड्या पाण्याच्या गावाहून गेला होता. तासनतास चुलीवर ठेवल्यावर शिजते ती डाळ तिच्या लेखी शिजतेच. चहा खारट आहे हे ज्याला सांगता येईल, तो तिथला नसणार. एवढी साधी गोष्ट, आणि दोन शिकलेली माणसं नंबर लावून, कागद चिकटवून, दार बंद करून बसली होती.

हरिहर सर अंकुरकडे वळले. किती वेळा गेला होतास, त्यांनी विचारलं.

"एकदा, सर. फोटो काढाले."

"आणि बाकीचं पाणी?"

अंकुरनं फोन खिशात घातला. त्याच्या वडिलांना बातमी देऊन अजून चहाही गार झाला नव्हता. तो अपेक्षाकडे बघून म्हणाला, "हिनंच आणलं सगळं. शनवारी घरी जाये, काकाच्या मोटरसायकलवर सगळ्या विहिरी फिरे, अन् सोमवारी पयल्या बसनं आणे."

हरिहर सरांनी लिफाफा मागितला. आता गावंडे सरांना जाग आली. ते म्हणाले की असं करता येत नाही, चिकटवलेला लिफाफा म्हणजे संपलं. खाडाखोड केली तर कारण लिहावं लागतं, ते विद्यापीठात जातं, तिथे लोक दहा शंका काढतात. परीक्षकानं चहा पिता पिता मार्क बदलले असं बोललं गेलं तर कॉलेजचं नाव खराब. आणि पोराच्या घरी फोन गेला आहे, त्याचं काय? हे सगळं ते बोलत असताना हरिहर सरांनी लिफाफ्याची कड फाडली होती.

त्यांनी जुने आकडे एका रेघेनं खोडले, खाली नवे लिहिले. अपेक्षाला सर्वांत जास्त. अंकुरचे कमी केले, पण फार नाही, कारण प्रयोगशाळेतलं निम्मं काम त्याचं होतं आणि ते त्यानं चांगलं केलं होतं. कारणाच्या जागेशी पेन थांबलं. गावंडे सरांनी सुचवलं की 'बेरजेतील दुरुस्ती' लिहा, कोणी विचारणार नाही. हरिहर सरांनी लिहिलं, 'परीक्षकाची चूक'. गावंडे सर म्हणाले, साहेब, असं लिहिणाऱ्या परीक्षकाला पुढच्या वर्षी बोलावत नाहीत. सर म्हणाले, नका बोलावू. आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी त्याखाली सही केली. मला वाटलं की माझंही नाव त्या कारणात कुठेतरी हवं होतं, पण तशी जागा कागदावर नव्हती.

अंकुर बाहेर जाऊन पुन्हा फोनवर बोलून आला. आल्यावर माझ्याजवळ थांबला. त्याचे कान लाल झाले होते. त्यानं मला विचारलं की मॅडम, मी खोटं तं नाही न बोललो? मी म्हटलं, नाही रे. आणि तो खरंच खोटं बोलला नव्हता. आम्ही विचारलं तेवढं त्यानं सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. मला त्या पोराचंही वाईट वाटलं. त्यानं अपेक्षाला पेढे मागितले, तिनं बरं म्हटलं, आणि तो गौरांगबरोबर निघून गेला.

जागा तिलाच मिळाली असं मी अपेक्षाला स्पष्ट सांगितलं तेव्हा ती टेबल आवरायची थांबली. मग तिनं विचारलं की उन्हाळ्यातल्या विहिरींचं पुढे बघता येईल ना आता. मी म्हटलं, येईल. तिनं ओढणीनं तोंड पुसलं, नाक पुसलं, आणि कप उचलायला लागली. मी तिच्या हातातून कप काढून घेतले.

शनिवार होता. ती घरी जायला निघाली होती, आणि हरिहर सरांना अमरावतीला परतायचं होतं. अमरावतीची एसटी मूर्तिजापूरवरूनच जाते. मी दोघांनाही माझ्या गाडीतून बसस्टँडवर सोडलं. तिच्याजवळ एक मोठी नायलॉनची पिशवी होती, आत रिकाम्या बाटल्या. सोमवारी भरून आणायच्या. परीक्षा संपली होती, अहवाल संपला होता, तरी ती बाटल्या घेऊन निघाली होती.

फलाटावर गर्दी होती. सर चहापासून जे मनात घेऊन होते ते शेवटी त्यांनी विचारलं. मी पाहत होते, कॉलेजातून निघाल्यापासून ते दोनदा बोलायला गेले आणि थांबले. त्यांच्यासारख्या माणसाला ते जड गेलं असणार.

"वर्षभर पाणी तू आणलंस. मग आत आलीस तेव्हा मला सांगितलं का नाहीस?"

अपेक्षानं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तिच्या आवाजात रागही नव्हता आणि टोमणाही नव्हता, म्हणूनच ते मला जास्त लागलं. "तुमी चहाचं इचारलं, सर."

पाणी कोण आणतं हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी एका सकाळी विचारलं नाही, मी वर्षभर.

तेवढ्यात गाडी लागली आणि सगळा फलाट दाराकडे धावला. अपेक्षा दाराकडे गेली नाही. ती खिडकीखाली गेली, पिशवी वर उचलून आतल्या सीटवर टाकली, शेजारच्या सीटवर रुमाल टाकला, आणि मागे वळून सरांना हाक मारली की सर, या, तुमची जागा धरली.